चंपाषष्ठीचा ढेकर

मला गोपालचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधून काढल्याचा आनंद नको. गोपाल माझा मेहुणा, आमच्या पुष्पाबाईचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार मेहनतीचं काम आहे आणि ते मी गेलं वर्षभर मन लावून करतो आहे.

कशाकशाचा हेवा? तो सपाट झोपतो याचा. जेवण झालं की ओट्यावर आडवा होतो आणि पाच मिनिटांत घोरायला लागतो. माझ्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आहेत. झोपेत मी घसरत पायथ्याशी जातो आणि पहाटे जाग येते तेव्हा माझे पाय खाटेबाहेर लोंबत असतात. पुष्पाबाईने महिनाभर तो उतार सहन केला, मग आपली गादी खाली टाकली. गोपाल वाकून चपलेचा पट्टा लावतो, याचाही हेवा वाटतो. मी वाकलो की खाल्लेलं घशाशी येतं, आंबट-कडू, आणि छातीच्या हाडामागे कुणी निखारा ठेवल्यासारखं होतं. तो सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा पितो, वर शिळी भाकर आणि ठेचा खातो, आणि त्याला काही होत नाही. माझ्यासमोर बसून खाताना विचारतो, भाऊजी तुम्ही काय घेता. मी काय घेणार, मी गोळी घेतो.

मी उकंडराव, आचारी. मोताळ्यापासून धामणगाव बढ्यापर्यंत कुठल्याही गावात वांग्याच्या भाजीचं नाव काढा, लोक माझं नाव सांगतील. निदान वर्षापूर्वीपर्यंत सांगत होते. चारशे माणसांची भाजी मी चव न घेता करतो. देवाच्या स्वयंपाकात नैवेद्य दाखवण्याआधी चमचा तोंडाला लावायचा नसतो. तिखट रंगावरून ओळखायचं, मीठ ओंजळीने मोजायचं आणि बाकी सगळं नाकावर सोडायचं. हे माझ्या बापाने मला शिकवलं आणि मी गोपालला. अकरा वर्षांपूर्वी तो माझ्याकडे कांदे चिरायला आला तेव्हा त्याला मोहरी आणि राई यांत फरक आहे असं वाटायचं.

आता आमच्या गावची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या खंडोबाचा भंडारा चंपाषष्ठीला असतो. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, पंगतीला गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजीच्या तीन कढया लागतात. नैवेद्य झाला की मधल्या कढईतलं पहिलं ताट आचाऱ्याचं. सगळं गाव पत्रावळी मांडून बसलेलं असतं, कुणाच्या पत्रावळीवर कण पडलेला नसतो, आणि मध्ये पाटावर एकटा आचारी जेवत असतो. त्याने ताट संपवायचं, पाणी प्यायचं आणि ढेकर द्यायचा. ढेकर ऐकू आला की देवस्थानचे पंच वामनराव हात वर करून येळकोट म्हणतात आणि मग वाढपी सुटतात. ज्याने चव न घेता रांधलं त्याच्या पोटाने साक्ष द्यावी, असा त्यातला अर्थ आहे. माझ्या बापाचा ढेकर वेशीपर्यंत जायचा म्हणतात. माझा तेवढा नाही, पण देवळाच्या शिखरावरचे पारवे उडायचे.

मागच्या चंपाषष्ठीला मी पाटावर बसलो. दुखणं तेव्हा चार-पाच वर्षांचं जुनं होतं, पण मी ते कुणाला दाखवत नव्हतो. आचाऱ्याला आम्लपित्त म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याला भ्यावं तसं. ताट संपवलं, पाणी प्यालो, ढेकर दिला, आणि ढेकराबरोबर सगळी भाजी बाहेर आली. पाटावर, धोतरावर, देवासमोर. चारशे माणसं बघत होती. वामनरावांनी पाणी ओतून जागा धुवायला लावली. निम्मे लोक त्या दिवशी भाजीला न शिवता नुसता रोडगा आणि गूळ खाऊन उठले. भाजीत काही दोष नव्हता हो. दोष माझ्यात होता. पण स्वयंपाक्याच्या पोटाने साक्ष फिरवली म्हटल्यावर कोण ऐकतो.

तेव्हापासून कामं गोपालकडे जायला लागली. आधी बारसं, मग साखरपुडा, मग तेरावी. तो प्रत्येक वेळी येऊन मला विचारायचा, भाऊजी, घेऊ का. मी म्हणायचो, घे. दुसरं काय म्हणणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते असं, फक्त हा नागोबा बिळात शिरण्याआधी परवानगी मागायचा, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

या वर्षी चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी पुष्पाबाईने मला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. गाडी गोपालचीच. डॉक्टरने आधीच घशातून दुर्बीण घालून पाहिलं होतं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीकडे सरकला आहे, अन्ननलिकेच्या तोंडाशी जी झडप असते ती ढिली पडली आहे, आणि वर्षानुवर्षं आम्ल लागून नळी आतून सोलवटली आहे. गोळीने आम्ल कमी होतं, झडप काही घट्ट होत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन करता येईल. सरकलेला भाग खाली ओढायचा आणि जठराचा वरचा कोपरा नळीभोवती गुंडाळून टाके घालायचे.

मी विचारलं, मग मिरची खाता येईल का. ते म्हणाले, महिना-दीड महिना पातळ आणि मऊ खायचं, जड उचलायचं नाही, नंतर हळूहळू बरंच काही खाता येईल. माझ्या डोळ्यांसमोर लगेच पाट दिसला, ताट दिसलं, गोपाल परत कांदे चिरताना दिसला. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी तेच दिसलं.

मग डॉक्टर म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. झडप घट्ट झाली की ती दोन्ही बाजूंनी घट्ट होते. बऱ्याच लोकांना नंतर नीट ढेकर देता येत नाही. पोट फुगल्यासारखं वाटतं. काहींचं सुधारतं, काहींचं नाही."

दिवसाला दोनशे आंबट ढेकर देणारा माणूस मी, दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. पुष्पाबाईला मात्र माझ्या मनातलं लगेच कळलं. "जाऊ द्या ना तो ढेकर चुलीत," ती म्हणाली. "रात्रीचं उठून बसता, खोकलता, मले वाटते जीव जाते का काय. ढेकरासाठी माणूस मरू द्याचा का?" डॉक्टर हसले. त्यांना आमच्या गावची रीत माहीत नव्हती आणि मी सांगितलीही नाही.

ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवण्याआधी संभाजीनगरला एक तपासणी करायची होती. नाकातून बारीक नळी घालतात, ती चोवीस तास तशीच ठेवून आम्ल किती वर येतं ते मोजतात. त्यासाठी सात दिवस आधीपासून गोळी बंद. तारीख मिळाली ती चंपाषष्ठीनंतर दोन दिवसांनी. म्हणजे भंडाऱ्याच्या दिवशी मी पाच दिवस बिनागोळीचा असणार होतो. मी नको म्हणत होतो, पण पुष्पाबाईने चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली.

उठताना गोपालने डॉक्टरला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "साहेब, भाऊजीले बिनामिरचीची वांग्याची भाजी चालते का? तेल कमी टाकून?" डॉक्टर म्हणाले, थोडी खायला हरकत नाही, पण खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही.

परतीच्या वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. बिनामिरचीची भाजी. उकंडराव आचारी आता बिनामिरचीची भाजी खाणार, हे त्याला डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, असंच मला वाटलं. ऑपरेशन झालं तरी म्हातारा परत कढईपाशी येत नाही ना, याची तो खात्री करत होता. राजूरच्या घाटात त्याने विचारलं, भाऊजी, वळणाने त्रास होतो का, हळू घेऊ का.

दोन दिवसांनी वामनराव घरी आले. चहा घेतला, पीकपाण्याचं बोलले, थंडीचं बोलले, आणि मग म्हणाले की या वर्षी पळा गोपालच्या हाती द्यायचं पंचांनी ठरवलं आहे. पळा म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी पळा, कढई ढवळायचा. तो माझ्या बापाचा. आमच्याच पडवीत खुंटीला टांगलेला असतो. वामनराव म्हणाले, "उकंडाभाऊ, तुले खुर्ची टाकून देतो. तू फक्त नजर ठेव." मी उठून पळा काढून दिला. देताना हसलोसुद्धा. पुष्पाबाई आतून बघत होती. तिला भावाचं कौतुक वाटत होतं आणि माझ्याकडे बघून ते तिने पदरात लपवलं. मला तिचाही राग आला.

चंपाषष्ठीला मी सकाळीच जाऊन खुर्चीवर बसलो. पाच दिवस गोळी नव्हती. आदल्या रात्री झोप नव्हती, पाणी प्यालो तरी घसा चरचरत होता. समोर तीन चुली, तीन कढया. गोपाल कमरेत वाकून ढवळत होता, एका दमात, न थांबता. मी त्या पाठीकडे बघत बसलो. काय पाठ होती. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण घाम आला की पैलवानासारखा दिसायचा. फोडणीचा धूर त्याच्या तोंडावर जात होता आणि तो खोकलतसुद्धा नव्हता. मधूनच त्याने टोपल्यातली एक हिरवी मिरची उचलली आणि देवाचं नाव घेऊन डाव्या हाताने कानामागे खोचली, काम झाल्यावर खायला. ही लकब माझी. त्याने माझी लकबही घेतली होती.

वांगी अर्धी शिजली की मीठ पडतं. आमच्याकडे कढईला सात ओंजळी. गोपालने पहिल्या कढईत मोजून सात टाकल्या, मधल्या कढईत सात टाकल्या, आणि तेवढ्यात वामनरावांनी हाक मारली. रोडग्यांचा आर फार तापला होता, वरून करपत होते. गोपाल धावत गेला, गोवऱ्या सारल्या, राख टाकली, दहा मिनिटांनी परत आला. मिठाच्या गोणीपाशी क्षणभर थांबला. मग मधल्या कढईत पुन्हा सात ओंजळी टाकल्या. मग तिसरीत सात.

मी बघितलं. एकेक ओंजळ मोजली. चौदा.

नैवेद्याला दोन तास होते. उठून चार पावलं जायचं होतं आणि गोपाल, मधलीत दोनदा पडलं, एवढं म्हणायचं होतं. रस्सा काढून पाणी घालता आलं असतं, बटाटे टाकता आले असते, कुणाला कळलंही नसतं. मी उठलो नाही. मी आनंदात होतो. सांगायला लाज वाटते, पण पाच दिवसांत पहिल्यांदा मला छातीत बरं वाटत होतं. पहिलं ताट मधल्या कढईतलं. पाटावर आज गोपाल बसणार. पहिला घास घेईल, तोंड खारट होईल, चारशे माणसं बघत असतील. गिळलं तर पुढच्या घासाला डोळ्यांत पाणी येईल, थुंकलं तर मागच्या वर्षी मी आणि या वर्षी तो. मग गाव म्हणेल, गड्या, उकंडाभाऊ तो उकंडाभाऊच. मी मनातल्या मनात गावाला हे वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं.

मध्ये पुष्पाबाई बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, "गोपाल घाबरून राह्यला आज. सकायपासून पाणी पण नाई पेला. तुमी मीठ-मसाला पाह्यला ना?"

मी म्हणालो, आता आचारी तो आहे, मी कशाला बघू. ती परत बायकांत गेली.

दुपारी नैवेद्य झाला. आरती झाली, भंडारा उधळला. माणसं ओळीने बसली, पत्रावळी मांडल्या. देवळासमोर पाट ठेवला गेला. गोपाल कढयांच्या मागून ताट घेऊन आला. वरून भरपूर कोथिंबीर भुरभुरवलेली भाजी, शेजारी तूप लावलेला अर्धा रोडगा. तो पाटाकडे गेला नाही. तो सरळ माझ्या खुर्चीपाशी आला आणि वामनरावांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पळा माह्या हाती होता, पण हात भाऊजीचा हाये. पयलं ताट त्यायचंच."

लोकांना बरं वाटलं. कुणीतरी हो हो म्हणालं. वामनरावांनी मान डोलावली.

चौदा ओंजळींची भाजी, सोलवटलेली नळी, पाच दिवस गोळी नाही, आणि चारशे माणसं. मीच खणलेल्या खड्ड्यात मला बसायला पाट मांडला होता. मला वाटलं गोपालला कळलं आहे आणि तो सूड घेतो आहे. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे तसलं काही नव्हतं. तो फक्त घामेजलेला होता. मी जाऊन पाटावर बसलो.

रोडगा मोडला, भाजीला लावला, देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला.

मीठ बरोबर होतं. मिरची नव्हतीच. तेल नावाला. वांग्याच्या बिया काढून टाकलेल्या, जिरं, धणे आणि किंचित गूळ. ही कढईतली भाजी नव्हती. मी मान न वळवता कढयांच्या मागे नजर टाकली. तिथे एका विटेच्या चुलीवर छोटं पातेलं होतं, झाकण अर्धवट उघडं. आम्ही दोघांनी मिळून कधीही एवढ्या छोट्या भांड्यात भाजी केली नव्हती. वरची कोथिंबीर फिका रंग लपवायला होती. बुलढाण्याला डॉक्टरला विचारलेला प्रश्न मला आता पोचला.

मी ते सगळं ताट खाल्लं. हळूहळू, एकेक घास चावून. वर्षभरात मी चारचौघांत असा जेवलो नव्हतो. माझी चव काय असते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझा घसा भरून आला तो आम्लाने नाही, आणि मला त्याचाही राग आला, की हा माणूस हेही माझ्यापेक्षा चांगलं करतो.

ताट संपलं. पाणी प्यालो. सगळं गाव कान देऊन बसलं. ढेकर घशाशी तयार होता, माझ्याकडे तो नेहमीच तयार असतो. मी तो दिला असता तर येळकोट झाला असता, वाढपी सुटले असते, आणि मधल्या कढईतलं वाढलेली सगळी रांग पहिल्या घासाला थुंकली असती. नाव गोपालचं गेलं असतं. माझं नव्हे. माझ्या पोटाने तर साक्ष दिलेली असती.

मी ढेकर गिळला. तो गिळताना कसं होतं ते ज्याला हे दुखणं आहे त्यालाच कळेल. उठलो, कढयांकडे गेलो, मधल्या कढईतून पळ्याच्या टोकावर थोडा रस्सा घेतला आणि तोंडाला लावला. मिठाने जीभ आखडली, मिरची सरळ जखमेवर गेली. डोळ्यांतून पाणी आलं.

"मधलीत मीठ दोनदा पडलं," मी म्हणालो.

गोपाल पांढरा पडला. वामनराव जवळ आले. गोपाल म्हणाला, मी तर मोजून टाकलं, भाऊजी. मग त्याला रोडगे आठवले असावेत, कारण तो बोलता बोलता थांबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटातली भाजी कुठली होती ते त्याला माहीत होतं. ती खाऊन मला मधल्या कढईचं मीठ कळणं शक्य नव्हतं. "तुमाले कवा समजलं?" त्याने विचारलं.

"टाकलं तवाच," मी म्हणालो. "पाह्यलं मी. बोललो नाई."

काऊन नाई बोलले, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. त्याने पळा उचलला आणि वामनरावांना म्हणाला, अर्धा-पाऊण तास द्या. तिन्ही कढयांतला रस्सा एकमेकांत फिरवला, आधण आलेलं पाणी घातलं, पन्नास-साठ बटाटे फोडून टाकले. मी बटाटे सोलत होतो. एका पाटीत आम्ही दोघं हात घालत होतो आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. लोक कुरकुरले, पोरं रडली. पुष्पाबाई बायकांच्या ओळीतून माझ्याकडे बघत होती. तिला ऐकू गेलं होतं. तिच्या नजरेला मी नजर दिली नाही.

भाजी सावरली. वामनराव म्हणाले, साक्ष नव्याने व्हायला पाहिजे, आता गोपालच पाटावर बसेल. गोपाल बसला. मधल्या कढईतलं ताट, चांगलं लालभडक, तर्रीचं. तो जेवला. पटापट जेवला, जसा नेहमी जेवतो. पाणी प्याला. सगळे थांबले.

ढेकर येईना.

या माणसाबरोबर मी अकरा वर्षं काम करतो. चहा प्याला तरी ढेकर देतो, उगीच देतो, बसस्टॉपवर देतो. आज त्याने छाती पुढे केली, पुन्हा पाणी प्याला, मान मागे टाकली, काही नाही. त्याचा घसा बांधला गेला होता आणि कशाने ते मला माहीत होतं. मागच्या वर्षीसारखी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, या खानदानाले देव पावून नाई राह्यला. गोपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कानामागची मिरची अजून तशीच होती.

मी त्याच्यामागे तांब्या घेऊन पाणी वाढायला उभा होतो. मी वाकलो. मुद्दाम वाकलो, कमरेतून, पाच दिवस बिनागोळीचा आणि वर चाखलेली ती मिरची. वाकल्यावर काय होतं ते मी आधी सांगितलं आहे. निखारा छातीतून वर सरकला, तोंड आंबटाने भरलं. मी ओठ त्याच्या खांद्यामागे नेले, आलेलं सगळं गिळलं, आणि ढेकर दिला. बापाकडून आलेला, पूर्ण, लांब. शिखरावरचे पारवे उडाले.

वामनरावांचा हात वर गेला. येळकोट येळकोट. वाढपी सुटले, पाट्या फिरल्या, चारशे माणसं एकदम बोलायला लागली. गोपालने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्यातलं पाणी मला पाजलं. मग कानामागची मिरची काढली, तिच्याकडे बघितलं आणि कढईपाशी फेकून दिली.

उद्या सकाळी संभाजीनगरला जायचं आहे. गाडी गोपालचीच. तपासणीत जे निघेल ते निघेल, मी पुष्पाबाईला सांगितलं आहे की डॉक्टर म्हणाले तर टाके घालून घेऊ. तिने आपली गादी उचलून माझ्या खाटेजवळ आणून टाकली. पळा खुंटीला परत आला होता. तो मी उतरवून गोपालच्या पडवीत नेऊन टांगला.

पण एक गोष्ट राहिली ती सांगतो. काल पंगत उठल्यावर मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. दोन म्हातारे हात धुऊन माझ्यासमोरून गेले. एक म्हणाला, गोपालचा ढेकर ऐकला का, थेट उकंडाच्या बापासारखा. दुसरा म्हणाला, उकंडाले आयुष्यात असा जमला नाई. आणि मला पुन्हा गोपालचा हेवा वाटला.